हिशेबात न धरलेले मॅग्नेशियम

१९९० साली स्टोरफोगेल आणि स्मालिंग या डच संशोधकांनी सहाराच्या दक्षिणेकडच्या ३८ आफ्रिकी देशांतल्या शेतजमिनीचा जमाखर्च मांडला. खतातून, शेणातून, पावसातून आणि वाऱ्याबरोबरच्या धुळीतून मातीत काय येते, आणि धान्यातून, कडब्यातून, झिरपणाऱ्या पाण्यातून व धुपीतून काय जाते, याची पीकवार आणि देशवार बेरीज-वजाबाकी त्यांनी केली. उत्तर तुटीचे आले. दर वर्षी हेक्टरी सरासरी २२ किलो नायट्रोजन, अडीच किलो फॉस्फरस आणि १५ किलो पोटॅशियम मातीतून उणे होत होते. आफ्रिकेच्या खतधोरणावर पुढे जी चर्चा झाली, तिच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच आकडे होते. या ताळेबंदाला रकाने तीनच होते. ३८ देशांसाठी तेवढे भरणेही अवघड होते, त्यामुळे त्यावरून त्या अभ्यासाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण जे मोजले गेले त्याचीच धोरणे झाली, त्याच्याच गोण्या भरल्या गेल्या, आणि मॅग्नेशियम हिशेबाबाहेर राहिले. हे पुस्तक त्या चौथ्या रकान्याविषयी आहे. लागवडीखाली आलेल्या सॅव्हानाच्या मातीत मॅग्नेशियमची टंचाई बहुतांशी शेतीच घडवते, आणि पुष्कळदा ती इतर तीन द्रव्यांची तूट भरून काढण्याच्या आपल्या पद्धतीतूनच घडते, असे माझे म्हणणे आहे.

त्यासाठी आधी ही माती कशी आहे ते पाहायला हवे. सेनेगलपासून सुदानपर्यंत गेलेल्या सॅव्हानाच्या पट्ट्यात वर्षाकाठी एकच पावसाळा असतो आणि उरलेले महिने कोरडे जातात. जमिनीचा वरचा थर बहुधा रेताड. त्यातली थोडीशी चिकणमाती मुख्यतः केओलिनाइटची असते आणि केओलिनाइट अन्नद्रव्ये फार कमी धरून ठेवते. म्हणून अन्नद्रव्ये धरण्याचे काम बरेचसे सेंद्रिय पदार्थांवर पडते, आणि नांगरट सुरू झाली की सेंद्रिय पदार्थच सर्वांत आधी घटतात. आकड्यांत सांगायचे तर हेक्टरभर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन साधारण २१ लाख किलो भरते. अशा रेताड मातीत किलोमागे ०.३ सेंटिमोल विनिमयक्षम मॅग्नेशियम सापडणे ही नेहमीची गोष्ट आहे. मॅग्नेशियमचा एक सेंटिमोल धनभार म्हणजे १२१.५ मिलिग्रॅम. या हिशेबाने त्या सबंध थरात पिकाला उचलता येईल असे मॅग्नेशियम सुमारे ७५ किलो निघते. विदर्भातल्या खोल काळ्या मातीत किलोमागे १० सेंटिमोल मॅग्नेशियम सहज असते. तिथे हाच आकडा सव्वादोन हजार किलोच्या वर जातो. काळ्या मातीत मॅग्नेशियमची तिजोरी आहे, सॅव्हानात फक्त दिवसाचा गल्ला. गल्ल्यात या घडीला किती आहे यापेक्षा रोज किती येते आणि किती जाते हे महत्त्वाचे ठरते. या साध्या फरकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच समशीतोष्ण देशांतले कोष्टक उचलून सॅव्हानाला लावण्याची चूक वारंवार झाली आहे.

मॅग्नेशियम झाडात काय करते, याचे शालेय उत्तर हरितद्रव्य असे आहे. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो, हे खरेच. पण हिरव्या पानातल्या एकूण मॅग्नेशियमपैकी हरितद्रव्यात अडकलेला हिस्सा सहसा पाव भागाच्या आतच असतो. बाकीचे प्रथिने घडवणाऱ्या यंत्रणेत, एटीपीबरोबरच्या जवळजवळ प्रत्येक ऊर्जाव्यवहारात आणि पानात तयार झालेली साखर मुळांकडे व दाण्यांकडे रवाना करण्यात खर्ची पडते. तुर्कस्तानचे इस्माइल चाकमाक यांनी १९९४ मध्ये घेवड्यावर केलेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसले. मॅग्नेशियम कमी पडले की साखर पानातच साचते आणि मुळे उपाशी राहतात. शेतकऱ्याला लक्षण दिसते ते त्यानंतर. मॅग्नेशियम झाडात इकडून तिकडे हलू शकते, म्हणून टंचाई आली की झाड जुन्या पानांतले काढून कोवळ्या पानांना देते. मक्याच्या खालच्या पानावर शिरा हिरव्या राहतात आणि शिरांमधल्या पट्ट्या फिकट, मग पिवळ्या पडत जातात. पुढे कडा तांबूस होऊन करपतात. शेंड्याकडची पाने मात्र टवटवीत दिसतात. दुरून पाहणाऱ्याला पीक ठीक वाटते. तोपर्यंत मूळ खुजे झालेले असते आणि पावसात दहा-पंधरा दिवसांचा खंड पडला की तेच पीक आधी सुकते. दोष पावसावर जातो.

मॅग्नेशियमकडे पाहण्याच्या दृष्टींचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण आजचे वाद त्यातूनच आले आहेत. जी गोष्ट सर्वांत तोकडी तीच उत्पन्न ठरवते, हा कार्ल श्प्रेंगेल आणि युस्टुस फोन लीबिग यांच्या नावाने ओळखला जाणारा विचार एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्याच शतकाच्या शेवटी ऑस्कर लोव यांनी निराळा मुद्दा पुढे आणला. द्रव्य किती आहे याच्या बरोबरीने कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे परस्परांतले प्रमाण योग्य असायला हवे, असे त्यांचे म्हणणे होते. १९४५ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीच्या फर्मन बेअर आणि सहकाऱ्यांनी आदर्श मातीचे गुणोत्तरच जाहीर केले: विनिमयस्थानांवर ६५ टक्के कॅल्शियम, १० टक्के मॅग्नेशियम, ५ टक्के पोटॅशियम, उरलेल्या जागी हायड्रोजन. मिसूरीच्या विल्यम अल्ब्रेक्ट यांनी या विचाराला एक व्यापक तत्त्वज्ञान दिले, आणि सेंद्रिय शेतीच्या वर्तुळांत तो आजही श्रद्धेने मानला जातो. याच्या समोर पर्याप्ततेचा पंथ उभा आहे. प्रत्येक द्रव्याची एक किमान पातळी असते. तिच्याखाली खत द्यावे, वर असेल तर देऊ नये, गुणोत्तराची चिंता करू नये, एवढे त्याचे सूत्र. कोपिटके आणि मेन्झीस या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये या वादाचा समग्र आढावा घेतला. त्यांचा निष्कर्ष असा की कॅल्शियम-मॅग्नेशियमचे गुणोत्तर फार मोठ्या टप्प्यात बदलले तरी पुरेसे द्रव्य उपलब्ध असेतो उत्पन्नावर त्याचा परिणाम होत नाही. हा निष्कर्ष मला पटतो. त्याला एक पुरवणी मात्र जोडावी लागते. पोटॅशियम आणि अमोनियम मुळाच्या दारात मॅग्नेशियमशी स्पर्धा करतात आणि त्यात बहुधा मॅग्नेशियमच हरते. ज्या मातीत गाठीला फारसे काही नाही, तिथे ही हार महागात पडते. म्हणजे गुणोत्तराचा पंथ त्याच्या आदर्श टक्केवारीत चुकला, पण स्पर्धेची त्याची जाणीव सॅव्हानात उपयोगी पडते.

हे वाद बहुतांशी सॅव्हानाबाहेर झाले. सॅव्हानाचे स्वतःचे शास्त्र वेगळ्या वाटेने वाढले, आणि या विषयातला सर्वांत समृद्ध भाग तोच आहे. पी. एच. नाय आणि डी. जे. ग्रीनलँड यांचा फिरत्या शेतीखालच्या मातीवरचा ग्रंथ १९६० मध्ये आला. जमीन पड टाकणे हा आळस नव्हे, तो अन्नद्रव्यांचा पूर्ण विचार केलेला व्यवहार आहे, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. पड जमिनीवरची झुडपे आणि झाडे खोल मुळांनी खालच्या थरातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम वर आणतात. ती तोडून जाळली की राखेतून ही द्रव्ये एकदम वरच्या थराला मिळतात आणि मातीचा सामूही वाढतो. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजणाऱ्यांना राखेचा हा गुण ठाऊक आहे. लोकसंख्या वाढली, पडीची वर्षे आखडली, आणि हा वर आणण्याचा व्यवहारच थांबला. १९७५ मध्ये जोन्स आणि वाइल्ड यांनी पश्चिम आफ्रिकी सॅव्हानाच्या मातींवरचे तोवरचे ज्ञान एकत्र केले. १९८९ मध्ये फ्रेंच कृषिशास्त्रज्ञ क्रिस्त्याँ पिएरी यांनी फ्रेंचभाषक देशांतल्या तीस वर्षांच्या प्रयोगांचा लेखाजोखा मांडला. या दोन पुस्तकांत आजच्या बहुतेक प्रश्नांची बीजे सापडतात.

पण ग्रंथांपेक्षाही बोलकी आहेत ती शेते. उत्तर नायजेरियात झारियाजवळ समारू येथे १९५० च्या सुमारास एक दीर्घकालीन प्रयोग सुरू झाला. शेणखत, नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्या वेगवेगळ्या जोड्या त्याच त्या वाफ्यांना वर्षानुवर्षे द्यायच्या आणि मातीचे काय होते ते पाहायचे, अशी त्याची साधी रचना. बाश आणि हीथकोट यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत चित्र स्वच्छ होते. अमोनियम सल्फेट दिलेल्या वाफ्यांत माती आम्ल होत गेली आणि तिच्यातले विनिमयक्षम कॅल्शियम व मॅग्नेशियम घटले. शेणखताच्या वाफ्यांत सामू, सेंद्रिय कर्ब आणि ही दोन्ही द्रव्ये वाढली. बुर्किना फासोमधल्या सारिया येथे १९६० पासून ज्वारीवर चाललेल्या प्रयोगानेही हीच दिशा दाखवली: नुसत्या रासायनिक खताने सुरुवातीला उत्पन्न चढते आणि पुढे आम्लतेबरोबर उतरते. कारण गूढ नाही. अमोनियमचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते. १०० किलो अमोनियम सल्फेटने आलेली आम्लता मारायला सुमारे ११० किलो चुनखडी लागते. हे आम्ल मॅग्नेशियमला विनिमयस्थानावरून ढकलून देते, आणि पिकाने न उचललेले नायट्रेट पावसाच्या पाण्याबरोबर खाली जाताना विद्युतभाराचा समतोल राखण्यासाठी कॅल्शियम-मॅग्नेशियमला सोबत घेऊन जाते. मॅग्नेशियमच्या आयनाभोवती पाण्याचे जाड कवच असते, त्यामुळे मातीची त्याच्यावरची पकड मुळातच सैल. म्हणजे नत्राचा प्रत्येक वाया गेलेला किलो मॅग्नेशियमही घालवतो. धान्याच्या पोत्यातून जाणारे मॅग्नेशियम त्या मानाने थोडे: तीन टन मक्याच्या दाण्यात तीन-चार किलो. ताटे आणि पाला शेताबाहेर गेला की ते दुप्पट-तिप्पट होते. भुईमुगाच्या पाल्यात तर मॅग्नेशियम विशेष असते, आणि नायजर व उत्तर नायजेरियाच्या बाजारांत हा पाला जनावरांसाठी चांगल्या भावाने विकला जातो. विकणाऱ्याला पैसे मिळतात, ते त्याला हवेतही. मात्र शेताच्या वहीत त्या व्यवहाराची नोंद कुठेच होत नाही.

अटलांटिकच्या पलीकडे ब्राझीलच्या सेराडोत याच प्रश्नाला अगदी वेगळे उत्तर मिळाले. सुमारे २० कोटी हेक्टरांचा हा सॅव्हाना आम्ल, अॅल्युमिनियमने विषारी झालेला आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमने दरिद्री, म्हणून शेतीला निरुपयोगी मानला जात होता. १९५० च्या दशकात कॉलिन मॅक्लंग आणि सहकाऱ्यांनी चुनखडी आणि खतांनी ही माती पिकू शकते हे दाखवले. १९७५ मध्ये ब्राझिलियाजवळ एम्ब्रापा या सरकारी कृषिसंशोधन संस्थेचे सेराडो केंद्र उभे राहिले. आणि २००६ चा जागतिक अन्न पुरस्कार मॅक्लंग, एडसन लोबातो आणि आलिसों पाओलिनेली यांना मिळून दिला गेला. सेराडोतल्या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की चुन्याची मात्रा ठरवण्याच्या सूत्रातच मॅग्नेशियम बसवलेले आहे. अॅल्युमिनियमची दुप्पट घ्या, आणि कॅल्शियम व मॅग्नेशियम मिळून दोन सेंटिमोलांना जेवढे कमी पडते तेवढे त्यात मिळवा. डोलोमाइटयुक्त चुनखडी सर्रास वापरली गेल्यामुळे मॅग्नेशियमचा खर्च वेगळा करावा लागला नाही. तरीही तिथे नवे प्रश्न आले. खालच्या थरात मुळे जावीत म्हणून जिप्सम टाकले, तर सल्फेट आपल्याबरोबर वरच्या थरातले मॅग्नेशियमही खाली नेते. सोयाबीनला भरपूर पालाश दिले की स्पर्धा तीव्र होते. सेराडोची गोष्ट यशाची आहे. या यशाची किंमत तिथल्या नैसर्गिक सॅव्हानाने मोजली हेही खरे आहे. शिवाय खाणी, रस्ते, सरकारी कर्ज आणि मोठी शेते यांच्या आधाराने ती घडली. हेक्टर-दोन हेक्टरांच्या आफ्रिकी शेतकऱ्याला ती जशीच्या तशी लागू करता येणार नाही.

इथे काही आक्षेपांना उत्तर द्यायला हवे. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा: जिथे शेतकऱ्याला नत्र आणि स्फुरदच पुरेसे परवडत नाही, तिथे मॅग्नेशियमची चर्चा ही चैन आहे, पुष्कळ प्रयोगांत नुसते मॅग्नेशियम दिल्याने उत्पन्न वाढलेलेही नाही. हे निरीक्षण बरोबर आहे. हेक्टरी एक टन पिकवणाऱ्या शेतात नत्र तोकडे असते, आणि तोवर मॅग्नेशियमला पिकाचा प्रतिसाद मिळणार नाही हे लीबिगच्या सूत्रातूनच निघते. पण एक टनावरून तीन टनांवर जाण्यासाठीच तर सारी धोरणे आखली जात आहेत. ती यशस्वी झाली की मागणी तिप्पट होईल आणि आम्लताही वाढलेली असेल. आज प्रतिसाद दिसत नाही यावरून उद्या दिसणार नाही असे म्हणता येत नाही. आणि मॅग्नेशियम जपणे म्हणजे नवी गोणी विकत घेणे नव्हे. चुनखडी द्यायचीच असेल तर डोलोमाइटची निवडावी, शेणखत आणि पिकाचे अवशेष शेतात परत यावेत, नत्र एकाच वेळी न ओतता हप्त्यांनी द्यावे, एवढ्यानेच बरेच साधते. दुसरा आक्षेप निसर्गाच्या भरपाईचा. हिवाळ्यात हार्मटान वारा चाडमधल्या बोदेलेच्या खोलगट भागातून आणि वाळवंटातून धूळ आणतो, तिच्यात मॅग्नेशियम असते. फेडर्बिया आल्बिडासारखी झाडे पावसाळ्यात पानगळ करून खालच्या थरातली द्रव्ये पिकाला देतात. काही मातींत खालच्या थरातल्या खनिजांमध्ये साठाही आहे. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि या पुस्तकात त्यांना मानाचे स्थान आहे. पण धुळीची भर दक्षिणेकडे कमी होत जाते, आणि पाऊस, झिरपा व आम्लता तिकडेच अधिक. शेतातली झाडे तर यांत्रिक नांगरटीत सर्वांत आधी जातात. निसर्गाची भरपाई विशिष्ट वेगाने होते. खर्चाचा वेग आपण वाढवला आहे.

हा विषय आजच का, याचे उत्तर यातच आहे. २००६ मध्ये अबुजाच्या परिषदेत आफ्रिकी देशांनी खताचा वापर हेक्टरी सुमारे ८ किलोंवरून २०१५ पर्यंत ५० किलोंवर नेण्याचे उद्दिष्ट ठरवले. मुदतीत ते गाठले गेले नाही. मे २०२४ मध्ये नैरोबीत झालेल्या परिषदेच्या नावातच खताच्या जोडीला मातीचे आरोग्य आले, हा बदल स्वागतार्ह आहे. खताचा वापर वाढायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण युरिया आणि नत्र-स्फुरद-पालाशाच्या मिश्रखतांवरच तो वाढला, तर समारूच्या वाफ्यांत जे दिसले तेच लाखो हेक्टरांवर दिसेल.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये. महाराष्ट्रातली माळरानेही सॅव्हानाच आहेत असे परिसंस्थांचे अभ्यासक आता आग्रहाने मांडत आहेत. आपली माती मात्र बरीचशी बेसॉल्टची, म्हणून इथे प्रश्न पुष्कळदा उलटा येतो. पूर्णेच्या खोऱ्यात खालच्या थरांत सोडियमच्या जोडीला मॅग्नेशियम वाढल्याने पाणी मुरत नाही. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतले डी. के. पाल आणि सहकारी यांनी त्याची कारणे उलगडली आहेत. कोकणातल्या आणि गोव्यातल्या जांभ्या मातीची जातकुळी आफ्रिकी मातींच्या जवळची. आणि कपाशीवरचा लाल्या तर सर्वांच्या परिचयाचा. बोंडे भरण्याच्या सुमारास पाने लाल पडतात, मॅग्नेशियम सल्फेटच्या फवारणीची शिफारस होते, त्या खतात मॅग्नेशियम असते सुमारे ९.६ टक्के. हलक्या जमिनीत, पाण्याच्या ताणात, बोंडांचा भार अधिक असताना लाल्या बळावतो. म्हणजे तिथेही प्रश्न साठ्याचा कमी आणि वेळेवर पोहोचण्याचा अधिक. असे असूनही फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेतल्या १२ घटकांत मॅग्नेशियम नाही. ३८ देशांच्या त्या ताळेबंदात जे राहून गेले, तेच आपल्या पत्रिकेतही राहून गेले आहे.

मॅग्नेशियमला या पुस्तकात नवा तारणहार केलेले नाही. नत्र आणि स्फुरद हे सॅव्हानाचे पहिले प्रश्न आहेत आणि राहतील. इथे प्रयत्न आहे तो अन्नद्रव्ये एकेकटी न पाहता त्यांच्या परस्परसंबंधातून, आणि साठ्याऐवजी येण्या-जाण्याच्या वेगातून पाहण्याचा. मातीचे रसायन, झाडाचे शरीरशास्त्र, दीर्घकालीन प्रयोग आणि बाजारात विकला जाणारा पाला या चारही गोष्टी त्यासाठी एकाच पानावर आणाव्या लागल्या. आकडे सर्वत्र मूलद्रव्याच्या रूपात दिले आहेत; खताच्या गोणीवर ते बहुधा ऑक्साइडच्या रूपात असतात, तेव्हा ताडून पाहताना हा फरक ध्यानात ठेवावा. एका माती परीक्षणावरून निर्णय घेऊ नये, त्याच शेताचे दोन-तीन वर्षांच्या अंतराने घेतलेले नमुने एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत, ही या पुस्तकाची पद्धत आहे. वाचकाला माझी एकच विनंती आहे. पुढच्या वेळी मातीचा नमुना प्रयोगशाळेत द्याल, तेव्हा विनिमयक्षम पालाशाबरोबर विनिमयक्षम मॅग्नेशियमचाही आकडा मागून घ्या, आणि तो जपून ठेवा.